पहिला फिफ्थ व्हील ट्रेलर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आणि कॅनडात राहणारी, पिकअप ट्रकमागे चालते घर जोडून फिरण्याचा विचार करणारी मराठी कुटुंबे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. अमेरिकेतल्या व्यवहारात पाउंड, फूट आणि गॅलनच चालतात, म्हणून मापे त्यातच दिली आहेत. उत्तरे फार लांब वाटली तर निदान पेलोडचे, म्हणजे ट्रक अंगावर किती वजन पेलतो याचे, आणि पाहणीचे उत्तर तरी पूर्ण वाचा. पहिल्या खरेदीत पैसे बुडतात ते बहुतेक वेळा या दोन ठिकाणी.

फिफ्थ व्हील म्हणजे नेमके काय? साध्या ट्रॅव्हल ट्रेलरपेक्षा ते वेगळे कसे?

न्हावाशेवा बंदराकडे जाणारे कंटेनर तुम्ही पाहिले असतील. पुढचा घोडा आणि मागचा ट्रेलर ज्या ताटासारख्या पोलादी चकतीवर जोडलेले असतात, तीच रचना इथे लहान आकारात असते. ट्रेलरच्या पुढच्या उंच भागाखाली २ इंच जाडीची किंगपिन खाली लोंबते आणि ट्रकच्या हौद्यात बसवलेल्या हिचच्या, म्हणजे जोडणीच्या यंत्राच्या, जबड्यात ती अडकते. नाव घोडागाडीच्या काळातले आहे. पुढचा ॲक्सल वळावा म्हणून त्यावर एक आडवे चाक बसवत, ते पाचवे चाक.

साधा ट्रॅव्हल ट्रेलर ट्रकच्या बंपरमागे गोळ्यावर जोडला जातो. त्याच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार ट्रकवर येतो, तोही मागच्या चाकांच्या बराच मागे. बाजूने मोठा ट्रक गेला की अशा ट्रेलरला झोके बसतात. फिफ्थ व्हीलचा १५ ते २५ टक्के भार ट्रकवर येतो, पण तो थेट मागच्या ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे. म्हणून तो फारसा झोकत नाही आणि अरुंद जागेत चांगला वळतो. मोबदल्यात ट्रकचा हौदा अडतो, आणि ट्रकच्या वजनाच्या मर्यादा फार लवकर संपतात. एसयूव्हीने फिफ्थ व्हील ओढता येत नाही.

आधी ट्रक घ्यावा की आधी ट्रेलर?

ट्रेलर आधी ठरवा, ट्रक आधी घ्या. कोणता आराखडा हवा आणि त्याचे भरलेले कमाल वजन किती, हे कागदावर पक्के झाल्याशिवाय ट्रकच्या दुकानात जाऊ नका. ट्रक दारात उभा असेलच, तर तो जेवढे पेलतो तेवढाच ट्रेलर शोधा. दोन्ही गोष्टी एकाच शनिवारी उरकणाऱ्यांना वर्षभरात त्यातली एक बदलावी लागते.

माझा ट्रक १२,००० पाउंड ओढतो असे माहितीपत्रकात लिहिले आहे. मग १०,००० पाउंडांचा ट्रेलर चालेल ना?

बहुधा नाही. ओढण्याची क्षमता आणि अंगावर पेलण्याची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फिफ्थ व्हीलच्या बाबतीत आधी संपते ती पेलण्याची क्षमता, म्हणजे पेलोड. जाहिरातीतला आकडा जवळपास रिकाम्या ट्रकचा असतो.

चालकाचे दार उघडा. चौकटीवर टायरच्या माहितीचे पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे स्टिकर असते. माणसे आणि सामान मिळून किती पाउंडांच्या वर जाऊ नये, हे त्यावर लिहिलेले असते. तो आकडा नेमक्या तुमच्याच ट्रकचा असतो. त्याच मॉडेलच्या शेजारच्या ट्रकचा आकडा, सनरूफ किंवा चार चाकांची ओढ असल्यामुळे, ३०० पाउंडांनीही वेगळा निघू शकतो.

आता हिशेब करू. ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूला, पुढे डावीकडे, त्याचे भरलेले कमाल वजन लिहिलेले असते. समजा ते १२,५०० पाउंड आहे. त्याचे २२ टक्के धरा: २,७५०. हिचचे स्वतःचे वजन १५०. दोन मोठी माणसे, दोन मुले आणि भारतातून आलेली आजी मिळून ५८०. हत्यारांची पेटी वगैरे ७०. बेरीज ३,५५०.

पिकअप ट्रक अर्धा, पाऊण आणि एक टनी अशा नावांनी ओळखले जातात; ती फक्त वर्गांची नावे आहेत. पाऊण टनी डिझेल ट्रकच्या दारावर बऱ्याचदा २,००० ते २,५०० एवढाच आकडा असतो, कारण जड डिझेल इंजिनच पेलोड खाते. तोच पाऊण टनी ट्रक पेट्रोलवर घेतला तर ३,००० च्या आसपास जातो. ३,५५० साठी एक टनी ट्रक हवा. मागे एकेक चाक असलेल्या एक टनी ट्रकला साधारण ४,००० मिळतात. १६,००० पाउंडांच्या घरासाठी मागे जोडचाके असलेलाच ट्रक घ्यावा.

उलट बाजूनेही मोजून पाहा. दारावर २,३०० लिहिले आहे. हिच, माणसे, पेटी वजा जाता उरले १,५००. त्याला ०.२२ ने भागले की ६,८०० पाउंड. एवढ्या वजनात चौघांचे फिफ्थ व्हील मिळणे फार कठीण.

विक्रेता कोरडे वजन सांगतो. ते धरले तर बसते.

कोरड्या वजनात पाणी नसते, गॅस नसतो, बहुधा बॅटरीही नसते, आणि तुमची भांडी, अंथरुणे, तांदळाची पिशवी तर नसतेच. एक गॅलन पाण्याचे वजन ८.३४ पाउंड. ५० गॅलनची टाकी भरली की ४१७ पाउंड वाढले. कुटुंबाचे सामान सहज १,००० ते १,५०० पाउंड होते, आणि फिफ्थ व्हीलचा मोठा सामानकप्पा पुढच्या भागात असल्यामुळे त्यातले पुष्कळसे किंगपिनवरच येते. म्हणून हिशेब नेहमी भरलेल्या कमाल वजनावरच करावा.

ट्रेलरवर ‘हाफ-टन टोएबल’, म्हणजे अर्धा टनी ट्रकने ओढता येईल, अशी पट्टी दिसली तरी ती विक्रीची भाषा आहे असे समजा. हौद्याखाली हवेच्या पिशव्या बसवून ट्रक सपाट उभा राहतो, पण त्याची कायदेशीर मर्यादा एका पाउंडानेही वाढत नाही.

खरे वजन कळायला महामार्गालगतच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा काटा असतो. सामान भरून, सगळी माणसे बसवून एकदा जोडणीसह वजन करा. नंतर ट्रेलर सोडून फक्त ट्रकचे करा. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेत जो फरक येईल, तो किंगपिनचा खरा भार. दोन्ही वजनांना मिळून साधारण एका जेवणाएवढा खर्च येतो.

हौदा साडेसहा फुटांचा आहे. वळताना ट्रेलर केबिनला लागेल का?

आठ फुटी हौद्यात ही काळजी नसते. साडेसहा फुटी हौद्यात ते ट्रेलरच्या पुढच्या भागाच्या आकारावर अवलंबून आहे. हल्ली बऱ्याच ट्रेलरांचे पुढचे कोपरे आत घेतलेले असतात, तरीही काटकोनात मागे घेताना केबिनची मागची काच फुटल्याची उदाहरणे आहेत. साडेपाच फुटी हौद्यासाठी मागे सरकणारी हिच किंवा किंगपिनची जागा मागे नेणारी जोडणी घ्यावीच लागते. हाताने सरकवायची हिच असेल तर ती वळण्याच्या आधी सरकवायची असते, आणि नेमके तेच विसरले जाते.

उंचीही मोजा. ट्रेलरचा पुढचा खालचा भाग आणि हौद्याच्या कडा यांत निदान साडेपाच ते सहा इंच मोकळे हवेत, नाहीतर खड्ड्यात ट्रेलर कडेवर आपटतो. हे अंतर राखून ट्रेलर शक्य तितका सपाट उभा राहिला पाहिजे. नाक वर राहिले तर सगळा भार मागच्या ॲक्सलवर जातो आणि तिथले टायर आधी मरतात.

हिच कोणती घ्यावी?

ट्रकला कंपनीकडून हौद्यात गोल खाचा असलेली तयारी आली असेल, तर त्याच खाचांत बसणारी हिच घ्या. ती काढली की हौदा पुन्हा मोकळा होतो. तयारी नसेल तर चौकटीला रूळ बोल्टने बसवावे लागतात. जबडा किंगपिनला पूर्ण वेढणारा असावा. हलक्या ॲल्युमिनियमच्या, गोळ्यावर बसणाऱ्या हिचही मिळतात आणि त्यांनी १०० पाउंडांहून जास्त पेलोड वाचतो. पण ट्रेलरच्या किंगपिनला लांब दांडा लावून हौद्यातल्या गोळ्यावर (गूसनेक) जोडायचा विचार असेल, तर ट्रेलरच्या चौकटीची वॉरंटी त्याला मान्य आहे का ते आधी लेखी विचारा. दांड्याच्या तरफेने चौकटीला तडे जातात.

किती लांबीचा ट्रेलर घ्यावा?

कुठे उतरणार ते ठरवा. वर्षातून दोनदा खासगी आरव्ही (चालत्या घरांच्या) पार्कात आठवडाभर राहणार असाल तर ३८ फूटही चालेल. राष्ट्रीय उद्यानांच्या आत झोपायचे असेल तर ३० फुटांच्या खालीच राहा. तिथले बरेच तळ फार जुने आहेत आणि प्रत्येक जागेची लांबी आरक्षणाच्या पानावर लिहिलेली असते. योसेमिटीच्या अप्पर पाइन्समध्ये तर ट्रेलरची मर्यादा २४ फूट आहे. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या घाटभागात २१ फुटांपेक्षा लांब वाहन जाऊच शकत नाही. तिथे ट्रेलर खाली तळावर ठेवून ट्रकने किंवा बसने जायचे, आणि लांब हौद्याचा ट्रक तर एकटाही २१ फुटांच्या वर भरतो.

लांबी मोजताना नावातल्या आकड्यावर जाऊ नका. मॉडेलच्या नावात २८ असले तरी किंगपिनपासून मागच्या शिडीपर्यंत ३२ भरू शकते.

भारतातून आई-बाबा सहा महिने येतात. त्यांच्या दृष्टीने काय पाहावे?

फिफ्थ व्हीलची मुख्य शेजघराची बाजू हौद्याच्या वर असते, म्हणजे आत दोन-तीन पायऱ्या चढून जावे लागते. संडास बहुधा त्याच पातळीवर असतो. रात्री दोन-तीनदा उठणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसाला खालच्या सोफ्यावर झोपवून वरच्या संडासात पाठवणे बरोबर नाही. दीड बाथरूमचा, मागे वेगळी खोली असलेला आराखडा मिळतो. तो लांब आणि जड असतो, पण अशा घरासाठी तोच योग्य. बाहेरच्या पायऱ्या चौकटीत घट्ट बसून जमिनीवर टेकणाऱ्या हव्यात. हवेत लोंबणाऱ्या जुन्या पायऱ्या डुलतात.

दुकानात जाल तेव्हा स्लाइड, म्हणजे बाहेर सरकणारे भाग, आत घ्यायला सांगा. स्लाइड आत असताना संडासापर्यंत आणि फ्रिजपर्यंत पोचता येते का ते पाहा. रस्त्यात जेवायला थांबल्यावर याची किंमत कळते.

आजी आणि मुले प्रवासात ट्रेलरमध्ये झोपली तर?

नको. काही राज्यांत कायदा काही अटींवर परवानगी देतो, पण आत पट्टे नाहीत आणि फर्निचर अपघातासाठी बांधलेले नाही. सगळ्यांनी ट्रकमध्ये बसावे.

नवा घ्यावा की वापरलेला?

पहिला ट्रेलर तीन-चार वर्षे वापरलेला घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नव्याची किंमत पहिल्या दोन वर्षांत सर्वांत जास्त घसरते, आणि तुम्हाला कोणता आराखडा खरोखर मानवतो हे दोन उन्हाळे वापरल्याशिवाय कळत नाही. शिवाय कारखान्यातून आलेले बारीक दोष पहिल्या मालकाने निस्तरलेले असतात.

बहुतेक ट्रेलर इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि आसपास बनतात. तिथे काम वेगाने होते. २०२१ साली या उद्योगाने ६ लाखांहून जास्त वाहने बाहेर काढली आणि घाई कामात दिसते. त्या काळातला ट्रेलर घेत असाल तर पाहणी दुप्पट कडक करा. दाराजवळचे आरव्हीआयए या उद्योगसंघटनेचे स्टिकर वीज, गॅस आणि आगीच्या सुरक्षेचे नियम पाळल्याचे सांगते. सुतारकाम किंवा गळती याबद्दल ते काहीही सांगत नाही.

नव्याचाच हट्ट असेल तर छापील किमतीवर थांबू नका. छापील किमतीच्या २० ते ३० टक्के खाली बोलणी सुरू करणे हे इथले रोजचे चलन आहे. सगळ्या करांसह दारात पडणारा एकच अंतिम आकडा लेखी मागा. वाहतूक, तयारी, कागदपत्रे अशी शुल्के शेवटच्या पानावर उगवतात.

पाहणी करताना नेमके काय तपासायचे?

ट्रेलरचा सर्वांत मोठा शत्रू पाणी. छतावरच्या एका फटीतून झिरपलेले पाणी दोन वर्षे दिसत नाही, आणि दिसते तेव्हा लाकूड कुजलेले असते.

छतावर चढा. रबरी पडदा आणि त्यातून वर आलेले पाइप, पंखे, शिडीचे बोल्ट यांच्याभोवती पसरलेला मऊ सीलंट तडकला आहे का ते पाहा. पुढचे फायबरचे तोंड छताला जिथे मिळते तो सांधा सर्वांत आधी उघडतो. खाली येऊन बाहेरच्या भिंतीवर तिरक्या उजेडात नजर टाका. फुगवटा किंवा लाट दिसली तर भिंतीचे थर सुटले आहेत. तिथे भाव कमी करण्याची चर्चा नको, दुसरा ट्रेलर पाहा.

आत प्रत्येक कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात आणि खिडक्यांखाली ओलावा मोजायचा मीटर लावा. स्लाइडच्या चारही कोपऱ्यांत जमिनीवर टाच दाबा. मऊ लागली की पाणी गेले आहे. संडासाच्या बुडाभोवतीही तसेच.

मग सगळे चालवून पाहा. पाण्याची टाकी भरून पंप लावा आणि नळ बंद ठेवून दहा मिनिटे थांबा. पंप मध्येच स्वतःहून घुरघुरला तर कुठेतरी गळते आहे. गरम पाणी गॅसवर वेगळे आणि विजेवर वेगळे तपासा. एसी निदान अर्धा तास चालवा. फ्रिज आदल्या रात्रीच सुरू करून ठेवायला सांगा. प्रत्येक स्लाइड दोनदा पूर्ण आत-बाहेर करा आणि दोन्ही टोके एकाच वेळी पोचतात का ते पाहा. स्वयंचलित पाय टेकवून ट्रेलर सपाट करा. गॅसच्या गळतीची सूचना देणाऱ्या यंत्रामागे तारीख असते. ती यंत्रे पाच ते सात वर्षांत बाद होतात.

या सगळ्याला चार तास लागतात. विक्रेता पाऊण तासात किल्ल्या हातात देऊ लागला तर तसे सांगा आणि दुसरा दिवस मागा. नॅशनल आरव्ही इन्स्पेक्टर्स असोसिएशनचे प्रमाणित तपासनीस पैसे घेऊन हे काम करून देतात. मोठ्या खरेदीत तो खर्च वाचवू नये. आणि दोषांची यादी दुरुस्त होईपर्यंत शेवटची सही करू नका. सही झाली की दुरुस्तीच्या रांगेत तुमचा ट्रेलर उन्हाळाभर तिथेच उभा राहतो.

कर्ज, विमा आणि व्हिसाचे काय?

१५-२० वर्षांची कर्जे मिळतात आणि हप्ता लहान दिसतो. पण किंमत कर्जापेक्षा वेगाने उतरते, त्यामुळे पाचव्या वर्षी विकायला गेलात तर खिशातून पैसे भरून सुटावे लागते. एच-१बीवर असाल किंवा भारतात परतण्याचा विचार असेल, तर हा मुद्दा आणखी गंभीर आहे. ट्रेलर बरोबर नेता येत नाही, आणि नोकरी गेल्यावर घाईने विकलेल्या ट्रेलरला भाव येत नाही. निदान २० टक्के रोख भरा, मुदत दहा वर्षांच्या आत ठेवा, आणि दुकानात जाण्याआधी क्रेडिट युनियनकडून मंजुरी घेऊन ठेवा.

झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेला ट्रेलर कर्जाला तारण असेल, तर प्राप्तिकरात तो दुसरे घर धरता येतो. व्याजाची वजावट मात्र तुम्ही तपशीलवार वजावटी घेत असाल तरच. वर्षभर त्यातच राहणार असाल तर साधा विमा पुरत नाही, आणि बऱ्याच कंपन्यांची वॉरंटीही कायमच्या वास्तव्याला लागू होत नाही.

वेगळे लायसन्स लागते का?

राज्यावर आहे. कॅलिफोर्नियात १०,००० पाउंडांच्या वर आणि १५,००० पर्यंतच्या फिफ्थ व्हीलला साध्या क्लास सी लायसन्सवर वेगळी नोंद लागते, त्याच्या वर गैरव्यावसायिक क्लास ए. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरची मिळून कमाल वजने २६,००० पाउंडांच्या वर गेली आणि ट्रेलर १०,००० च्या वर असला की क्लास ए. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, रस्त्यावरची पाटी ६५ सांगत असली तरी.

जोडताना आणि सोडताना काय चुकते?

दोन चुका महाग पडतात. पहिली, किंगपिन जबड्यात न जाता वर बसते. ट्रेलर जोडल्यासारखा दिसतो आणि ट्रक पुढे जाताच हौद्याच्या कडांवर कोसळतो. दुसरी, हिचचा जबडा उघडायचा राहतो किंवा हौद्याचे मागचे फळके खाली करायचे राहते.

जोडताना ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. पुढच्या पायांनी ट्रेलरची उंची अशी ठेवा की किंगपिनची पाटी हिचच्या चकतीला किंचित घासत वर उचलली जाईल. हळू मागे या, जबड्याचा आवाज ऐका, खाली उतरून विजेरीने आत पाहा. जबडा पिनेच्या मानेभोवती पूर्ण मिटलेला दिसला पाहिजे. अडसराची खीळ लावा. सात पिनांची वायर जोडा. तुटल्यास ब्रेक लावणारी तार ट्रकच्या हौद्यातल्या कडीला अडकवा, हिचला नव्हे, कारण हिचच उखडली तर तार तिच्याबरोबर जाईल. आता पाय अजून जमिनीला टेकलेले असतानाच ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून ट्रक अलगद पुढे ओढून बघा. सुटला नाही तर पाय वर घ्या, दिवे तपासा, आणि ठोकळे सगळ्यात शेवटी काढा.

सोडताना ठोकळे सगळ्यात आधी. एक जण करत असताना दुसऱ्याने त्याच्याशी बोलू नये. निम्मे घोटाळे गप्पांमुळे होतात.

टायर नवे दिसतात, चालतील ना?

नक्षीवर जाऊ नका, तारीख पाहा. टायरच्या कडेला डॉट या खुणेच्या शेवटी चार आकडे असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनी ट्रेलरचे टायर बदला, नक्षी कितीही उरली असली तरी. उभ्या ट्रेलरचे टायर उन्हाने आतून सुकतात.

हवा सकाळी, टायर थंड असताना, कडेवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत भरा: भार पेलण्याच्या ई श्रेणीच्या टायरला ८० पीएसआय, जी श्रेणीला बहुधा ११०. कमी हवा म्हणजे जास्त उष्णता, आणि फुटलेल्या टायरचे पट्टे ट्रेलरच्या पोटातले पाइप व वायर फाडतात. दाब आणि तापमान दाखवणारे सेन्सर बसवून घ्या. चाक बसवल्यावर नट १०, २५ आणि ५० मैलांवर टॉर्क पान्याने पुन्हा आवळा.

३० अँपियर की ५० अँपियर?

३० अँपियरचे जोडणे १२० व्होल्टवर ३,६०० वॅट देते. ५० अँपियरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या, प्रत्येकी ५० अँपियरच्या दोन तारा असतात, म्हणजे १२,००० वॅट. एक एसी सुमारे १५ अँपियर घेतो, इंडक्शन शेगडी पूर्ण आचेवर १५, मायक्रोवेव्ह १३, विजेवरचा पाण्याचा हीटर १२. ३० अँपियरवर एसी चालू असताना इंडक्शनवर डाळ ठेवलीत की खटका पडण्याच्या काठावर आलात. म्हणून हीटर गॅसवर ठेवा. दोन एसी हवे असतील, किंवा टेक्सास-ॲरिझोनात उन्हाळा काढायचा असेल, तर ५० च घ्या.

पार्कातल्या खांबात चुकीची वायरिंग किंवा कमी व्होल्टेज असू शकते. कमी व्होल्टेजने एसीचा कॉम्प्रेसर जळतो. व्होल्टेज पडल्यावर वीज तोडणारे संरक्षक यंत्र घ्या, नुसते सर्ज रोखणारे स्वस्तातले नको. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालणार नाही, १२० व्होल्टचाच घ्या.

फोडणी, हळद आणि सांडपाणी?

फोडणीआधी चुलीवरचा पंखा लावाच, पण त्याची बाहेरच्या भिंतीवरची झडप उघडली आहे का ते बघा. प्रवासात फडफडू नये म्हणून ती चिमटीने बंद केलेली असते, आणि मग सगळा धूर आत राहतो. हळदीचा डाग पांढऱ्या कृत्रिम ओट्यावर कायमचा बसतो, काम करताना खाली पाट ठेवा. तेलकट भांडी आधी कागदाने पुसून मग धुवा. तेल, बेसन आणि भाताची पेज राखाडी पाण्याच्या, म्हणजे भांडी-अंघोळीच्या सांडपाण्याच्या, टाकीत साय धरतात आणि टाकी किती भरली हे सांगणारे सेन्सर खोटे बोलू लागतात.

संडासाच्या टाकीची झडप पार्कात जोडणी असली तरी बंदच ठेवा. उघडी ठेवली की पाणी वाहून जाते आणि मैला तळाशी ढिगासारखा वाळतो. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावर आधी ती रिकामी करा, मग राखाडी सोडा, म्हणजे नळी धुऊन निघते. रिकामी केल्यावर दोन-तीन गॅलन पाणी आत टाका. हाताचा जेट बसवायला हरकत नाही, जास्त पाण्याने टाकी उलट स्वच्छ राहते. फक्त वापर झाला की भिंतीतला कॉक बंद करा. जेट रात्रभर ठिबकला तर टाकी भरून घरात येते.

पार्काच्या नळाला जोडताना दाब ४० ते ६० पीएसआयवर आणणारा रेग्युलेटर नळाच्याच तोंडाशी लावा.

हिवाळ्यात काय करावे?

बर्फाआधी पाइप रिकामे करा. हीटर थंड करून, दाब सोडून, त्यातले पाणी काढा. मग त्याला वळसा देणाऱ्या झडपा फिरवा. हे विसरलात तर सहा ते दहा गॅलन द्रव हीटरमध्ये वाया जाईल. पंपाची नळी गुलाबी अँटीफ्रीझच्या कॅनमध्ये सोडा आणि प्रत्येक नळ, गरम आणि थंड दोन्ही, गुलाबी येईपर्यंत उघडा. संडास आणि बाहेरचा शॉवर विसरू नका. प्रत्येक मोरीत एक कप ओता. दोन-तीन गॅलन पुरतात. गाडीच्या इंजिनातले अँटीफ्रीझ विषारी असते, ते पाण्याच्या पाइपांत कधीही नको.

वसंतात टाकी धुताना १५ गॅलनला पाव कप ब्लीच.

पूल आणि बोगदे?

फिफ्थ व्हील १२ ते साडेतेरा फूट उंच असतो. एसीच्या माथ्यापर्यंत स्वतः मोजा आणि आकडा ट्रकच्या सूर्यझडपेवर चिकटवा. फोनवरचा साधा नकाशा उंची पाहत नाही, ट्रक किंवा आरव्हीसाठीचा मार्गदर्शक वापरा. डरॅम, नॉर्थ कॅरोलायनातला रेल्वे पूल ११ फूट ८ इंचांचा होता, २०१९ मध्ये तो १२ फूट ४ इंच केला, आणि तरीही वाहनांची छते तिथे सोलली जातात. न्यूयॉर्क परिसरातल्या पार्कवेंवर ट्रेलर नेण्याची मनाईच आहे.

न्यू जर्सीहून दक्षिणेला जाताना बाल्टिमोर ध्यानात ठेवा. बंदराखालच्या आय-९५ आणि आय-८९५ या दोन्ही बोगद्यांत १० पाउंडांहून मोठी गॅसची टाकी चालत नाही, आणि फिफ्थ व्हीलवर बहुधा ३० पाउंडांच्या दोन असतात. पूर्वी वळसा फ्रान्सिस स्कॉट की या पुलावरून घेत. तो २६ मार्च २०२४ रोजी जहाजाच्या धडकेने कोसळला. आता आय-६९५ च्या पश्चिमेकडून जायचे.

घरासमोर उभा करता येईल का?

एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, असेल तर बहुधा नाही, काही ठिकाणी भरायला-उतरवायला फक्त एक-दोन दिवस मिळतात. नियमावली खरेदीआधी वाचा आणि साठवणुकीच्या जागेचे भाडे महिन्याच्या हप्त्यात मिळवून मगच परवडते का ते ठरवा. छप्पर असलेली जागा महाग, पण छताचे आयुष्य वाढते.

पहिली सहल कुठे?

घरापासून तासाभरावर, पूर्ण जोडण्या असलेल्या पार्कात, दोन रात्री. आरक्षण करताना आरपार जाणारी जागा मागा, म्हणजे मागे घ्यावे लागणार नाही. मागे घेण्याचा सराव आधी रविवारी सकाळी रिकाम्या शाळेच्या वाहनतळावर, चार शंकू लावून. शुक्रवारी उजेड असताना पोचा. पिण्याच्या पाण्याची वेगळी नळी, सांडपाण्याची नळी आणि तिचा पारदर्शक सांधा, रबरी हातमोजे, दाबाचा रेग्युलेटर, ३० ते ५० चा जोडणारा प्लग, सपाटीच्या फळ्या आणि टॉर्क पाना एवढे बरोबर असू द्या. बाकीचे काय लागते ते शनिवारी संध्याकाळपर्यंत कळेल, आणि तासाभरावर दुकान असेल.